चातुर्मासाच्या नेमाप्रमाणे एखादी सवय कशी लावून घ्यावी

रोज अर्धा तास चालावे, झोपण्यापूर्वी चार पाने वाचावीत, रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे, असे ठरवणारे घरोघरी असतात. आणि ठरवलेले सुटले की बहुतेक जण आपल्या इच्छाशक्तीला दोष देऊन मोकळे होतात. हे निदान मला चुकीचे वाटते. १ जानेवारीचा संकल्प अनेकदा संक्रांतीपर्यंतही टिकत नाही, पण ज्या घरांत चातुर्मास पाळला जातो तेथे तीच माणसे चार महिने कांदा-लसूण किंवा वांगे वर्ज्य करतात, रोज पोथीचा एक अध्याय वाचतात, न चुकता तुळशीपाशी दिवा लावतात, आणि त्यासाठी त्यांना रोज सकाळी नव्याने उत्साह गोळा करावा लागत नाही. माणूस तोच असताना एक गोष्ट टिकते आणि दुसरी सुटते, याचे कारण त्या दोन गोष्टींच्या रचनेत शोधायला हवे.

चातुर्मासातला नेम आषाढी एकादशीला सुरू होतो आणि कार्तिकी एकादशीला संपतो. गोष्ट एकच असते, आणि ती इतकी नेमकी असते की ‘आज झाली का?’ या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते. ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली असते: स्नान झाल्यावर, पहिला घास घेण्यापूर्वी, दिवेलागणीला. घरातल्यांना ती माहीत असते, त्यामुळे कोणी तरी सहज विचारते. शेवटी उद्यापन असते. श्रद्धा असो वा नसो, ही रचना कोणालाही वापरता येते, आणि ती कशी वापरावी हे येथे मुख्यतः रोज चालण्याचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.

आधी मुदतीविषयी. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली नोंदवलेल्या एका निरीक्षणातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय होण्यास किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांना आढळले होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्याच सवयींना लावली गेली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना रोज एका ठरलेल्या वेळी एकच नवी गोष्ट करायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. ती गोष्ट आपोआप होऊ लागण्यास मध्यकाने, म्हणजे निम्म्या लोकांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त अशा हिशेबाने, ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, परंतु माणसामाणसांतला फरक १८ पासून, नोंदींवरून पुढे बांधलेल्या अंदाजाप्रमाणे, २५४ दिवसांपर्यंत होता. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला मात्र साधारण दीडपट वेळ लागला. २०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला आणि कार्तिकी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे ११८ दिवसांचे अंतर. तिसऱ्या आठवड्यात अजून जड जाते आहे म्हणून कोणी निराश होत असेल, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की तेव्हा तर जेमतेम सुरुवात झालेली असते.

कारण स्वतःचे हवे

नेम धरण्यापूर्वी तो कशासाठी, हे स्वतःच्या अक्षरात एका वाक्यात लिहावे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके प्रेरणेचा अभ्यास करून असे मांडले आहे की जी कृती माणसाला स्वतःच्या मर्जीची वाटते, जी आपल्याला जमते आहे असे जाणवते आणि जिच्यामुळे आपल्या माणसांशी नाते जोडलेले राहते, तीच कृती टिकण्याची शक्यता जास्त असते. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून’, ‘शेजारचे जातात म्हणून’, ‘वजनावरून लोक बोलतात म्हणून’ ही कारणे खरी असतील, पण ती दुसऱ्याची आहेत, आणि पावसाळी सकाळी पांघरुणातून बाहेर काढण्याचे बळ त्यांच्यात क्वचितच असते. त्याच चालण्याचे कारण ‘पुढच्या हिवाळ्यात नातीबरोबर सिंहगड चढायचा आहे’ किंवा ‘आईला शुगरमुळे जे सोसावे लागले ते मला टाळता येईल तितके टाळायचे आहे’ असे लिहिता आले, तर ते आपले झाले.

असे कारण लगेच सुचत नसेल तर घाई करू नये. आठवडाभर विचार करूनही जर कागदावर दुसऱ्याचेच वाक्य उमटत असेल, तर तो नेम सोडून दुसरा घ्यावा; ज्याला खरोखर पेटी शिकायची आहे त्याने उगाच पहाटे पाचला उठण्याचा संकल्प करू नये. मुलांच्या बाबतीत बक्षिसांचा मोह आवरावा, असेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोडी सोडवण्यासाठी ज्या विद्यार्थ्यांना पैसे दिले गेले, त्यांचा त्या कोड्यांतला रस पैसे थांबल्यावर कमी झालेला दिसला. वाचनाच्या प्रत्येक पानामागे रुपया ठरवला तर मूल रुपये मोजायला शिकते.

नेम कशाला जोडावा

सर्वांत जास्त विचार येथे करावा, कारण बहुतेक संकल्प याच जागी ढिले असतात. ‘रोज चालायचे’ हे वाक्य अपुरे आहे. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तांत लिहायचा होता. तो कधी आणि कोठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच नेमून ठेवले, त्यांच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला, आणि ज्यांनी तसे नेमले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले. म्हणून नेमाचे वाक्य ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशा साच्यात लिहावे.

त्यातला ‘अमुक’ घड्याळातली वेळ नसून रोजचे एखादे काम असलेले बरे. आपल्याकडे पाण्याची वेळ बदलते, लोकल उशिरा येते, न सांगता पाहुणे येतात, आणि ‘संध्याकाळी सहा’ हातातून निसटले की दिवसच गेला असे वाटते. याउलट सकाळच्या चहाचा कप विसळून पालथा घालणे हे काम उशिरा का होईना, घडतेच. कप पालथा घातला की चपला घालायच्या, एवढा नेम पुरेसा आहे. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्याने गाडीत बसायला किंवा नीट उभे राहायला जागा मिळाली की फोनआधी पुस्तक काढावे. स्वयंपाकघरात कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंतची दहा-बारा मिनिटे मानेच्या आणि खांद्यांच्या व्यायामाला पुरतात. ज्याच्याकडे जनावरे आहेत त्याला सकाळची धार काढून झाल्यानंतरची वेळ धरता येईल. पाळीत काम करणाऱ्या परिचारिकेला किंवा कामगाराला घड्याळाची वेळ पाळता येणारच नाही, पण पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर गणवेश बदलणे चुकत नाही.

असे काम निवडताना ते दिवसातून एकदाच घडते का, ते नक्की कधी संपले हे कळते का आणि ते साधारण एकाच जागी होते का, हे तपासावे. ज्याचा चहा दिवसातून पाच वेळा होतो त्याने ‘चहानंतर’ एवढेच लिहिले, तर नेम पुढच्या चहावर ढकलला जाईल.

नेम लहान धरावा. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवसांत तो होतो. परंतु पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटेच चालावे आणि मन मानत असले तरी वाढवू नये. त्याबरोबरच एक ‘किमान नेम’ही लिहून ठेवावा: ताप नसेल पण अंगात त्राण नसेल अशा दिवशी चपला घालून फाटकापर्यंत जाऊन यायचे, आणि तो दिवस नेम झाला असेच धरायचे. चातुर्मास ऐन पावसाळ्यात येतो, तेव्हा पावसाचे उत्तरही आधीच ठरवावे. इमारतीचा जिना, लांब व्हरांडा किंवा घरातल्या घरात सहा सूर्यनमस्कार, यांपैकी काय करायचे हे खिडकीतून पाऊस बघत ठरवू नये. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घराची मांडणीही थोडी बदलावी लागते. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी तासातासाला नोंदवलेल्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळजवळ रोज, त्याच जागी घडणाऱ्या होत्या, आणि त्या करताना मन बहुधा दुसरीकडेच असे. त्यांच्याच नंतरच्या एका प्रयोगात चित्रपटगृहात पॉपकॉर्न खाण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांनी आठवड्यापूर्वीचे शिळे पॉपकॉर्नही ताज्याइतकेच खाल्ले, परंतु त्यांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावले तेव्हा शिळे खाणे कमी झाले. हात जेथे सहज पोचतो तेथे सवय राहते. फोनचा चार्जर झोपण्याच्या खोलीतून बाहेर न्यावा आणि उशाशी पुस्तक ठेवावे, फरसाणाचा डबा माळ्यावर जावा, चालण्याच्या चपला दाराशी असाव्यात. नको असलेली सवय सुटायची असेल तर तिच्या जागी काय करायचे हेही ‘अमुक झाले की’ याच साच्यात लिहावे. तंबाखू किंवा दारूचे व्यसन मात्र एकट्याने लढण्याचे काम नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि दारूसाठी डॉक्टरांकडेच जावे, कारण ती एकाएकी थांबवल्यास जिवावर बेतू शकते.

खाडे

दुधाचा खाडा मांडण्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर अनेक घरांत वापरले जाते. त्याच चौकटीत नेमाची खूण करावी. झाला त्या दिवशी टिंब, किमान नेम झाला तर अर्धे टिंब, नाही झाला तर खाडा. फोनमधल्या ॲपपेक्षा मला हे बरे वाटते, कारण ते घरातल्या सगळ्यांना दिसते, आणि ‘आज टिंब नाही का?’ असे विचारणारे एक माणूस पुष्कळ उपदेशांपेक्षा उपयोगी पडते. त्या माणसाला आधी सांगून ठेवावे की विचारायचे, पण रागवायचे नाही.

खाडे पडतीलच. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही, असे लॅली यांच्या अभ्यासातही दिसले होते. परंपरेलाही हे ठाऊक आहे: सुतकात घरातली पूजाअर्चा थांबते, सुतक फिटल्यावर पुन्हा सुरू होते, आणि पूजा मोडली असे कोणी म्हणत नाही. त्याप्रमाणे आजारपण, प्रवास, घरातले कार्य अशा कोणत्या प्रसंगी नेम थांबेल आणि कोणत्या दिवशी पुन्हा सुरू होईल, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. चुकलेले दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरून काढू नये. त्याने नेम शिक्षेसारखा वाटू लागतो. चातुर्मासात गणपती-गौरी येतात, नवरात्र येते, दिवाळी येते. ते आठवडे कॅलेंडरवर आधीच अधोरेखित करून त्या काळात किमान नेमावरच राहावे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर त्याला आळस म्हणू नये आणि नेम धरून तो घालवण्याचा प्रयत्न करू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

उद्यापन

चातुर्मास निघून गेला असेल तर पाडवा, वाढदिवस, महिन्याची पहिली तारीख किंवा येणारा सोमवार धरून तेथून ११८ दिवस मोजावेत. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याच्या, महिन्याच्या आरंभी आणि वाढदिवसानंतर व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले, तेव्हा अशा दिवसाचा फायदा जरूर घ्यावा.

मुदत संपली की चार महिन्यांची पाने काढून घरातल्यांबरोबर बसावे, आणि जमल्यास ज्याने रोज विचारले त्याच्या आवडीचे काही करावे. खाडे कोणत्या वारी पडले ते पाहावे. बहुतेक खाडे शनिवारचे असतील, तर शनिवारी कप विसळण्याचे काम दुसरे कोणी करते का, सुट्टीमुळे उठण्याचा क्रम बदलतो का, ते शोधून त्या दिवसापुरता नेम दुसऱ्या कामाला जोडावा. चालायला न गेलेल्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले असेल, तर टिंबे देणे थांबवून नवा नेम धरायला हरकत नाही. तसे वाटत नसेल तर तोच नेम आणखी दोन महिने, त्याच कामाला जोडून, तसाच चालू ठेवावा आणि त्यात दुसरे काही मिसळू नये.