वाद घालताना या चुका टाळा: पाणी, कांदा, झाडं आणि कोर्टाच्या बातम्या

पावसाने हात आखडता घेतला की ऑक्टोबरात नाशिकमध्ये एकच विषय असतो, खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं की नाही. मी वकिली करतो, म्हणून लोक हमखास विचारतात, "साहेब, कायदा काय म्हणतो?" माझं पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो! लोकांना तर्क येत नाही असं मला वाटत नाही. जमिनीच्या व्यवहारात हीच माणसं सातबाऱ्याची ओळ न् ओळ तपासतात. सार्वजनिक विषय निघाला की मात्र ती सवय घरी राहते.

मुद्दा न ठरवता भांडायला सुरुवात करणं

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीच्या पोटी जन्मतात. दिवाणी दाव्यात वादपत्र आणि कैफियत, म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, दाखल झाली की न्यायाधीश आधी मुद्दे काढतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी आदेश १४ आहे. एक पक्ष जे ठामपणे म्हणतो आणि दुसरा नाकारतो, तेवढाच मुद्दा. जे दोघांना मान्य आहे त्यावर साक्षीपुरावा करत बसायचं नाही. शिवाय प्रश्न वस्तुस्थितीचा आहे की कायद्याचा, हेही वेगळं काढायचं. चौकातल्या चर्चेत तिसरा कप्पा लागतो: योग्य काय?

जायकवाडीचा वाद या तीन कप्प्यांत टाकून बघा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि "नाशिकचं पाणी पळवलं" अशी ओरड झाली. आदेशातली विभागणी अशी होती: प्रवरा समूहातून ३.३६, गोदावरी-दारणातून २.६४, मुळातून २.१० आणि नाशिकजवळच्या गंगापूर धरण समूहातून ०.५ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी नगरच्या धरणांतलं होतं. दारणेचा वाटा मोठा होता, हे नाशिककरांचं गाऱ्हाणं खरं. पण ८.६ चा आकडा गंगापूरच्या नावावर टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या उताऱ्यावर आपलं नाव लावणं.

दुसरा कप्पा कायद्याचा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या सगळ्यांना न्याय्य वाटा देण्याचं, तत्त्व आहे. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही ही चौकट कायम ठेवली. त्यामुळे "आमच्या हद्दीत पडलेलं पाणी आमचं" हे कितीही जोरात म्हटलं तरी या कप्प्यात ते उत्तर ठरत नाही.

खरी चर्चा तिसऱ्या कप्प्यात आहे. ६५ टक्के ही रेषा न्याय्य आहे का? वाटेत मुरणाऱ्या आणि उडून जाणाऱ्या पाण्याचा भार कोणी सोसायचा? इथे दोन्ही बाजूंनी दमदार बोलता येतं, आणि नेमकी इथेच माणसं दमलेली असतात. पहिल्या दोन कप्प्यांत घसा बसलेला असतो.

टक्के कशाचे, ते न विचारणं

"जायकवाडी चाळीस टक्के आणि गंगापूर नव्वद, मग द्यायला काय हरकत आहे?" ऐकायला चोख वाटतं. पण गंगापूरची क्षमता साधारण ५.६३ टीएमसी, आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर. जायकवाडीचे दहा टक्के म्हणजेच साडेसात टीएमसी. अख्खं गंगापूर रिकामं केलं तरी तेवढं भरत नाही. हे मांडलं की दोन्हीकडचे जरा थांबतात. सुरुवात इथून केली असती तर अर्धा तास वाचला असता.

"आधी तुम्ही ऊस लावणं बंद करा"

नाशिककर मराठवाड्याला हे ऐकवतात, आणि तिकडून ठरलेलं प्रत्युत्तर येतं, "मग तुमच्या द्राक्षबागांचं काय?" दोन्ही वाक्यांत तथ्य आहे आणि दोन्ही वाक्यं चुकीच्या ठिकाणी येतात. पाणी वापरायचं कसं, या प्रश्नाला ऊस लागू आहे. वाटा किती, या प्रश्नाला तो फारसा लागू नाही. समोरच्याचा दोष दाखवल्याने आपली बाजू सिद्ध होत नाही, हे भावकीच्या भांडणात आपल्याला बरोबर कळतं.

कोर्टाची बातमी अर्धवट वाचणं

यावर मी थोडा तापतो, माफ करा. गुन्हा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. जामीन मिळाला म्हणजे सुटला असं नव्हे. स्थगिती मिळाली म्हणजे जिंकला असंही नाही, निकालापर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवलेली असू शकते. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी काही बोलतात, ते आदेशात उतरेलच असं नाही, आणि हेडलाइन मात्र त्याच वाक्याची होते. "याचिका निकाली काढली" याचा अर्थ फेटाळली असा धरून पेढे वाटलेलेही मी पाहिलेत. आदेशाची शेवटची दोन पानं वाचायला दहा मिनिटं लागतात.

उलट्या बाजूची चूकही तितकीच प्रचलित आहे. "कोर्टात सिद्ध झालंय का? मग गप्प बसा." फौजदारी खटल्यात आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो, कारण माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. दिवाणीत कोणाची बाजू अधिक संभाव्य आहे ते बघतात. मत कोणाला द्यायचं हे ठरवताना मतदाराने फौजदारी मापच वापरावं असं बंधन नाही. अट एकच, आपल्या पक्षाला आणि समोरच्या पक्षाला तेच माप लावायचं. तिथे भल्याभल्यांची गाडी अडते.

पूर्वपक्ष न मांडता उत्तर देणं

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी विरोधकाचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, मांडतात, तेही त्याला मान्य होईल असं, आणि मग खंडन करतात. कांद्यावर बोलताना हे करून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. लासलगावकडच्या माणसाने सरकारचा पूर्वपक्ष असा मांडावा: देशात भाव भडकले की गरिबाचं ताट आधी हलतं, म्हणून माल आत ठेवावा लागतो. एवढं मान्य करून मग विचारावं, ग्राहकाला स्वस्त देण्याचा खर्च एकट्या उत्पादकाने का उचलायचा? "हे सगळं निवडणुकीसाठी केलं" यापेक्षा हा प्रश्न जड आहे. हेतू निवडणुकीचा असेलही, पण त्यावरून निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही.

पटलं नाही म्हणून आवाज चढवणं

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि असंख्य स्त्री-पुरुषांनी तो पुढची काही वर्षं चालवला. "परंपरा आहे" यापलीकडे विरोधकांकडे सांगण्यासारखं फार नव्हतं, तरी दार उघडलं नाही. पुढे अस्पृश्यता हद्दपार करणारं कलम १७ घटनेत आलं. मुद्दा बिनतोड असला तरी समोरच्याने तो मानलाच पाहिजे असं नसतं. अशा वेळी त्याच माणसाशी तेच पुन्हा बोलण्यापेक्षा जागा बदलावी, निर्णय जिथे होतो तिथे बोलावं.

नाशिकच्या तपोवनातल्या झाडांचा वाद २०२५ च्या अखेरीस पेटला. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी, वृक्षतोडीचा प्रस्ताव होता. वृक्षतोडीच्या नोटिशीवर हरकत घेता येते, आणि हरकत ऐकून घेणं यंत्रणेला भाग असतं. तिथे "झाडं आमचा श्वास" एवढंच लिहिलं तर अधिकारी ते फायलीला लावून मोकळा होतो. झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर आणि अंदाजे वय लिहा. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड कायद्यात वारसा वृक्ष ठरतं, म्हणून वयाचा आधारही द्या. तंबूंसाठी दुसरी जागा सुचवत असाल तर तिचा गट क्रमांक टाका. आणि हरकतीची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.