सुईच्या आधी दुधाचा नमुना

श्रावणात झड लागली की काळ्या रानातला चिखल गोठ्यापर्यंत येतो. गाय त्यातच बसते आणि थोड्या दिवसांत कुणाकडे तरी दगडी, म्हणजे कासदाह, निघते. सड सुजतो, धारेत गुठळ्या येतात, गाय कासेला हात लावू देत नाही. मग मेडिकलवरून मागच्या वर्षीचीच सुई येते. दोन दिवसांत सूज उतरली की उपचार बंद, आणि महिन्याभरात तोच सड पुन्हा टणक.

कासदाह एकाच जंतूचा नसतो. स्टॅफिलोकॉकस धार काढणाऱ्याच्या हातानं, फडक्यानं एका गाईवरून दुसरीवर जातो. ई. कोलाय शेणा-चिखलातून येतो, त्याच्यावर साधं पेनिसिलिन चालत नाही. स्टॅफिलोकॉकसच्या कित्येक जाती तर पेनिसिलिनच निकामी करतात. शेजाऱ्याच्या गाईला लागू पडलेलं औषध आपल्या देवणी गाईला लागू पडेलच, असं म्हणूनच नाही.

कोणतं औषध चालेल, हे प्रयोगशाळेत कळतं. दुधातले जंतू वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. जिच्याभोवती पुरेसं मोठं स्वच्छ कडं पडतं, ते औषध चालण्याजोगं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नमुना घेतात का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

नमुना मात्र पहिल्या सुईच्या आधीच घ्यायचा. इथंच बहुतेकांचं चुकतं. सड धुऊन कोरडा करा, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडा. निर्जंतुक बाटली आडवी धरून थोडं दूध घ्या, झाकणाला आतून बोट लागू देऊ नका. बाटलीवर गाईची खूण आणि सड लिहा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. चहाच्या थर्मासातला बर्फही चालतो.

गाईला ताप असेल, दूध पाण्यासारखं पातळ येत असेल, ती चारा सोडून बसली असेल, तर अहवालाची वाट पाहू नका. नमुना घेतल्याबरोबर डॉक्टर उपचार सुरू करतील, अहवाल आल्यावर गरज पडली तर औषध बदलतील. सांगितलेले दिवस पूर्ण करा, मग सूज उतरलेली का असेना.

उपचारातलं दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. किती दिवस, ते औषधाच्या लेबलवर असतं. लिहिलेलं नसेल तर शेवटच्या डोसनंतर किमान 7 दिवस.

धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढं वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे.