मेडिकलच्या वेळापत्रकात व्यायाम कसा बसवायचा: ज्युनिअर्ससाठी

नवी बॅच आली की पहिल्या महिन्यात हॉस्टेलच्या मुली पहाटे साडेपाचचा गजर लावतात. बूट नवे, बाटली नवी, ग्राउंडवर चार-सहा जणी एकत्र. पहिली टर्मिनल परीक्षा जवळ आली की हे बंद पडतं, आणि मग वर्षभर "वेळच मिळत नाही" एवढंच ऐकू येतं.

मी नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस केलं. आता फिजिऑलॉजीत एमडी करतेय आणि पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते, त्यामुळे हे दर बॅचला जवळून बघते. यात आळसाचा भाग फार थोडा असतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप, एवढ्या काळात तुमचा दिवस दर काही आठवड्यांनी नव्याने मांडला जातो. आज नऊला वॉर्ड, पुढच्या विभागात पोस्टिंग लागली की आठला ओटी (ऑपरेशन थिएटर), मग इमर्जन्सीचा दिवस, मग नाइट. घड्याळातली एक वेळ धरून बसलं की पोस्टिंग बदलताच व्यायाम सुटतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: व्यायाम किती वाजता करायचा ते ठरवू नका, कशानंतर करायचा ते ठरवा.

पहिलं वर्ष: डिसेक्शन हॉलमधून थेट ग्राउंडवर

दिवस कसाही गेला तरी शेवटचं प्रॅक्टिकल संपतंच. ते संपलं की खोलीवर जायचं नाही, ग्राउंडवर जायचं. बूट आणि टी-शर्ट सकाळीच पिशवीत भरून न्यायचे. डे-स्कॉलर मैत्रिणीच्या गाडीच्या डिकीत ते आरामात राहतात. खोलीवर नुसते बूट घालायला म्हणून गेलात तरी पाठ पलंगाला टेकते, आणि दिवसभर उभं राहिल्यावर टेकलेली पाठ लवकर उठत नाही.

डिसेक्शन (मृतदेहाचं विच्छेदन) असेल त्या दिवशी तर हे फारच सोयीचं पडतं. फॉर्मलिनचा वास केसांत बसलेला असतो, अंघोळ करावीच लागते. ती व्यायामानंतर करा, वेगळा वेळ जात नाही. फक्त ॲप्रन ग्राउंडवर नेऊ नका आणि हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात लावू नका.

सुरुवातीचे दोन आठवडे वीस मिनिटं भरभर चालणं पुरे. वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळ लागत नाही: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मग दोन मिनिटं पळा, तीन मिनिटं चाला. पळायचा भाग हळूहळू वाढवत न्या. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, स्वतःची नाडी मोजायची सवय लावा. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजायचं. प्रॅक्टिकललाही ते कामाला येतं. नेहमी बहात्तर असणारी नाडी एखाद्या सकाळी ऐंशीच्या वर दिसली, तर झोप अपुरी आहे किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी पळणं नको.

मुलींसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते. हिमॅटोलॉजीच्या (रक्ताच्या) प्रॅक्टिकलला तुम्ही साहलीच्या हिमोग्लोबिनोमीटरवर स्वतःचंच हिमोग्लोबिन काढता. वहीत आकडा लिहून, सही घेऊन मोकळ्या होऊ नका. साहलीची पद्धत फार अचूक नाही, आकडा थोडा कमीच दाखवते, म्हणून बाराच्या खाली आला तर लॅबमधून सीबीसी (रक्तपेशींची पूर्ण तपासणी) करून घ्या. जिना चढताना धाप लागते, पळायला गेलं की पाय गळतात, म्हणून "माझ्यात स्टॅमिनाच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी मुली असतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना आधी लोहाच्या गोळ्यांची गरज असते, व्यायामाच्या वेळापत्रकाची नंतर. ओपीडीत पेशंटला जे सांगणार आहोत ते आधी स्वतःला लागू करायला हवं, याबाबतीत मी फार आग्रही आहे.

हिशोब आठवड्याचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आपल्याला पीएसएममध्ये (सामाजिक आरोग्याच्या विषयात) पाठ कराव्या लागतात: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पण त्यातला आपल्या सगळ्यात कामाचा बदल उत्तरपत्रिकेत फारसा कुणी लिहीत नाही. आधीच्या, २०१० च्या सूचनांत सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची, अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. म्हणजे वॉर्डातून ब्लड बँकेत, तिथून एक्स-रेला आणि परत, असे भरभर चढलेले जिनेही हिशोबात येतात.

म्हणून रोजचा हिशोब ठेवू नका, आठवड्याचा ठेवा. थर्ड इयरला माझा आठवडा साधारण असा असायचा: रविवारी कॅम्पसमध्ये मोठी फेरी, मध्ये दोन संध्याकाळी पळणं, दोन दिवस खोलीत ताकदीचा व्यायाम, बाकीचे दिवस किमान. किमान म्हणजे काय ते प्रत्येकाने स्वतःचं ठरवावं. माझं बारा सूर्यनमस्कार होतं. मध्यम गतीने पाच-सहा मिनिटं लागतात आणि चटई अंथरण्याएवढी जागा. रथसप्तमीला शाळेच्या पटांगणात घातलेले असतात, त्यामुळे क्रम अंगात मुरलेला असतो, व्हिडिओ बघावा लागत नाही. कितीही वाईट दिवस असो, अंघोळीच्या आधी हे बारा. ज्या आठवड्यात दुसरं काहीच जमत नाही, त्या आठवड्यात सवय जिवंत राहते ती या बारांवर.

ताकदीच्या व्यायामाला जिम लागत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये मेडिसिनचे दोन जाड खंड घालून बैठका मारा. जोर जमत नसतील तर पलंगाच्या कडेवर हात ठेवून सुरू करा, मग जमिनीवर या. सॅक एका हातात धरून, कमरेत वाकून, कोपर मागे ओढत वर उचला. पाठीच्या वरच्या भागाला हा व्यायाम हवाच असतो, कारण आपण दिवसभर पुस्तकावर नाहीतर पेशंटवर वाकलेले असतो. प्रत्येकी आठ-दहाचे दोन फेरे, आठवड्यातून दोनदा. पहिल्याच दिवशी पैज लावून दोनशे बैठका मारू नका. सवय नसताना असं केलं तर स्नायू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीत जातं. मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची दिसली, तर घरगुती उपाय न करता सरळ कॅज्युअल्टीत जा.

क्लिनिक्स सुरू झाल्यावर

आता प्रॅक्टिकलचा शेवट हा खुंटा राहत नाही, दुसरा शोधावा लागतो. मला सगळ्यात उपयोगी पडलेला खुंटा म्हणजे संध्याकाळची केस. पोस्टिंग कुठलीही असो, केस घ्यायला संध्याकाळी वॉर्डात जावंच लागतं. हिस्टरी, एक्झामिनेशन झालं की स्टेथोस्कोप पिशवीत टाकून तिथूनच चालायला निघायचं. केस डोक्यात ताजी असते. सोबत पोस्टिंगमधली मैत्रीण असेल तर एकीने केस प्रेझेंट करायची, दुसरीने सरांसारखे प्रश्न विचारायचे. अर्ध्या तासात मिट्रल स्टेनोसिस (हृदयाच्या झडपेचा आजार) तोंडपाठ होतो आणि दोन-तीन किलोमीटरही होतात. पळताना मात्र कानात लेक्चर लावू नका, विशेषतः मुलींनी. मागून येणारी गाडी आणि माणूस, दोन्ही ऐकू यायला हवेत. अंधार पडल्यावर दोघीतिघी मिळून, कॅम्पसच्या उजेडाच्या रस्त्यांवरच. हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ जवळ असेल तर अंगणात दोरीच्या उड्या मारा. खोलीत मारल्या तर खालच्या मजल्यावरच्या मुलीला अभ्यास करता येत नाही.

सर्जरीच्या पोस्टिंगला ओटीत तासन्‌तास उभं राहावं लागतं. पहिल्या काही दिवसांत कुणीतरी चक्कर येऊन पडतंच, आणि लोक समजतात की रक्त बघून घाबरली. बहुतेक वेळा पोट रिकामं असतं, गुडघे ताठ असतात आणि रक्त पायांत साचलेलं असतं. सकाळी पोहे नाहीतर पोळी खाऊन जा, गुडघे किंचित सैल ठेवा आणि दर काही मिनिटांनी टाचा उचलून पोटऱ्या आवळा. पोटरी हा शिरांचा पंप आहे. रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जागा उघडी धरायचं साधन) धरून उभे असताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि संध्याकाळी पाय जड होत नाहीत.

नाइट

नाइट असेल त्या दिवशी दुपारी दीड तास झोपा, उठून हलका व्यायाम करा, मग जेवा आणि ड्युटीला जा. नाइट संपल्यावर व्यायाम नाही. सकाळी अंगात एक खोटा उत्साह असतो, त्याच्या भरात ग्राउंड किंवा जिम गाठू नका. १७ ते १९ तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतक्या मंद होतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. तेव्हा नाइटनंतर स्कूटरही चालवू नका, ऑटो करा किंवा चालत हॉस्टेलला जा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनच्या कॉफीतलं निम्मं सकाळी आठलाही रक्तात असतं. शेवटचा कप मध्यरात्रीच्या आसपास घ्या. झोपून उठलात की संध्याकाळच्या उजेडात वीस मिनिटं चाला, त्याने रात्रीची झोप परत जागेवर येते. झोप आणि व्यायाम यांतलं एकच शक्य असेल त्या दिवशी झोप निवडा. सहा तासांची झोप कापून चार तास करून पळायला जाणाऱ्यांना मी नेहमी थांबवते.

परीक्षा

प्रिलिम आणि युनिव्हर्सिटीच्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका आणि चालू असलेलं पूर्ण सोडूही नका. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून एकदा, पळण्याऐवजी चालणं, आणि बारा नमस्कार रोज. रीडिंग रूममध्ये दर तास-दीड तासाने उठून एक जिना खाली-वर करा. फोन टेबलावरच ठेवून जा, म्हणजे पाच मिनिटांची पंचवीस होत नाहीत.

नागपूरचा उन्हाळा, आणि ताप

एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्यांनी पहिल्या उन्हाळ्यात विशेष जपावं, शरीराला या उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेळ निम्मी ठेवा. एवढे दोन-अडीच महिने मात्र घड्याळ पाळावंच लागतं: सूर्य वर यायच्या आत बाहेरचं आटपा, नाहीतर आतच करा. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलं असतं. सोबतची कुणी असंबद्ध बोलायला लागली किंवा तिचा तोल जाऊ लागला, तर ती सावलीत बसून बरी होईल म्हणून वाट बघू नका. तिच्या अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी कॅज्युअल्टीला न्यायची सोय करा.

पावसाळ्यात हॉस्टेलमध्ये डेंग्यू आणि व्हायरलची साथ असते. ताप असताना व्यायाम अजिबात नको, विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. ताप उतरल्यावर निदान आठवडाभर नुसतं चालणं, आणि मग आधीच्या निम्म्यावरून सुरुवात. सुटलेले दिवस भरून काढायला जाऊ नका.

इंटर्नशिप

लेबर रूम, मेडिसिन आणि कॅज्युअल्टी यांच्या पोस्टिंगमध्ये किमान टिकवलं तरी खूप. इथे एक सोपं काम करा: महिन्याचं ड्युटीचं पत्रक लागलं की त्यातले ऑफ आणि पोस्ट-ड्युटीच्या संध्याकाळी त्याच दिवशी खुणा करून ठेवा, आणि को-इंटर्नशी अदलाबदल करताना त्या खुणा आधी बघा. खिशात फुटाणे-गूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवा. रात्री दोनला भूक लागते तेव्हा कँटीनचा समोसा हाताशी असतो.

पीएसएमची पोस्टिंग मात्र तीन महिन्यांची असते, आणि ग्रामीण केंद्रावर संध्याकाळी बऱ्यापैकी मोकळ्या मिळतात. गावाबाहेरचा रस्ता सपाट, रहदारी कमी. पाच किलोमीटर न थांबता पळायचं असेल तर शिकायला याहून चांगला काळ एमबीबीएसमध्ये येत नाही. रोटेशनची यादी लागली की ही पोस्टिंग कुठल्या महिन्यांत आहे ते बघा. पावसाळ्यात आली तर छत्री आणि जुने बूट न्या, कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या, आणि केंद्रावरच्या सिस्टरना विचारून घ्या की कुठल्या रस्त्याला अंधार लवकर पडतो.