लष्करी गुप्तचर सेवेतून निवृत्त होताय? या चुका टाळा

पायदळातला किंवा तोफखान्यातला माणूस निवृत्त होऊन घरी येतो तो पलटणीच्या गोष्टी घेऊनच. लष्करी गुप्तचर विभागात उभी हयात काढलेल्या माणसाला मात्र आपली सगळ्यात मोलाची कामं जोडीदारालाही सांगता येत नाहीत. त्यामुळे त्याच्या निवृत्तीतल्या चुका वेगळ्या असतात आणि दोन्ही अंगांनी होतात. जे झाकून ठेवायचं ते बोलण्याच्या ओघात निसटतं, आणि जे मोकळं करायला हवं ते आयुष्यभर दाबून ठेवलं जातं. माझ्या मते दुसऱ्या चुकीने जास्त घरं पोळतात. पण पहिली तुरुंगापर्यंत नेऊ शकते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

‘आता ते जुनं झालं’ हे स्वतःच ठरवणं

गोपनीयतेचं बंधन निरोप समारंभाच्या दिवशी संपत नाही. भारताच्या १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचं पाचवं कलम पदावर असलेल्यांना लागू आहे, तसंच पूर्वी पदावर असलेल्यांनाही. अमेरिकेतला १९८० चा स्नेप खटला तर आठवणी लिहायला बसलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. सीआयएच्या या माजी अधिकाऱ्याने आधी मजकूर तपासून न घेता पुस्तक छापलं. त्यात गुप्त माहिती आहे असा सरकारचा दावाही नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकाची कमाई सरकारकडे वळवली, कारण लेखी दिलेला शब्द मोडला गेला होता.

म्हणून शेवटच्या डीब्रीफिंगला, म्हणजे सेवा सोडताना होणाऱ्या सुरक्षाविषयक बैठकीला, औपचारिकता समजून घाईने सह्या करू नका. तिथेच विचारून घ्या: माझ्या हुद्द्याचं आणि कामाचं वर्णन बाहेर कोणत्या शब्दांत करायचं? लेख, मुलाखत, व्याख्यान यांची परवानगी कोणाकडे मागायची? परदेशी जाताना कळवावं लागतं का? कोणी संशयास्पद संपर्क साधला तर कोणाला फोन करायचा? ही उत्तरं नंतर मिळवणं फार कठीण जातं, कारण ओळखीचे लोक तोवर बदलून गेलेले असतात.

घरातली कपाटंही एकदा नीट पाहा. जुनी टिपणवही, पेन ड्राइव्ह, मोबाइलमधला एखाद्या नकाशाचा फोटो असं काही सापडलं तर ते ठेवू नका आणि परस्पर जाळूही नका. रीतसर कळवा आणि परत करा. नष्ट केलेल्या कागदाचा हिशेब देता येत नाही.

गोड बोलणाऱ्या कन्सल्टन्सीला भुलणं

साधारण असं घडतं. लिंक्डइनवर निरोप येतो: तुमच्या अनुभवाची आम्हाला कदर आहे, आमची सल्लागार संस्था आहे, एक छोटा अहवाल लिहाल का? विषय उघड माहितीचाच असतो, मानधन मात्र कामाच्या मानाने भरपूर. दुसरा अहवाल थोडा नेमका मागितला जातो. मग परदेशात भेटीचं आमंत्रण, विमानाचं तिकीट त्यांचंच. त्यानंतर हळूच प्रश्न येतो, ‘हे तर वर्तमानपत्रातही आहे, आतलं काही सांगाल?’

अमेरिकी लष्कर, सीआयए आणि डीआयए (अमेरिकेची लष्करी गुप्तचर संस्था) या तिन्ही ठिकाणी नोकरी केलेला केव्हिन मॅलरी २०१७ मध्ये अशाच लिंक्डइनवरच्या ओळखीतून चिनी गुप्तचरांच्या जाळ्यात गेला. घराचे हप्ते थकले होते. २०१९ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनने २०२१ मध्ये आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी या धोक्याची मोहीमच काढली, तेव्हा पाच वर्षांत दहा हजारांहून अधिक ब्रिटिश नागरिकांना असे बनावट संपर्क झाल्याचं सांगितलं गेलं.

ही शिडी तुम्हाला नवी नाही. कदाचित याच शिडीवरून तुम्ही दुसऱ्याला चढवलं असेल. तरीही अनुभवी माणसं फसतात, कारण निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणी ‘तुमच्याशिवाय हे कळणार नाही’ म्हटलं की ते मनाला फार लागतं. सोबत कर्ज असेल तर विचारायलाच नको. तेव्हा निवृत्तीआधी घरखर्चाचा आणि कर्जाचा हिशेब चोख करणं हासुद्धा सुरक्षेचाच भाग आहे. आणि काम देणाऱ्या कंपनीमागे शेवटी कोणतं सरकार आहे, हे शोधल्याशिवाय होकार देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपनीसाठी हॅकिंगचं काम केलेल्या अमेरिकी गुप्तचर आणि लष्करी सेवेतल्या तीन माजी कर्मचाऱ्यांना खटला टाळण्यासाठी २०२१ मध्ये मिळून सोळा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचं कबूल करावं लागलं.

चुकीचं ऐकून राहवत नाही म्हणून दुरुस्त करणं

टीव्हीवरच्या चर्चेत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तुमच्या विषयातलं धादांत चुकीचं बोलतो. हात शिवशिवतात. इथेच थांबा. मुद्दाम चुकीचं विधान करून समोरच्याकडून खरं काढून घेणं ही चौकशीची जुनी रीत आहे. २०२१ मध्ये एका ऑनलाइन रणगाडा-खेळातली माहिती कशी चुकीची आहे हे पटवून देण्यासाठी, स्वतःला रणगाडा कमांडर म्हणवणाऱ्याने ब्रिटनच्या चॅलेंजर-२ या रणगाड्याच्या माहितीपुस्तिकेतली पानं सगळ्यांसमोर टाकली होती. वाद जिंकणं एवढंच कारण. ‘मी यावर बोलत नाही’ हे वाक्य पुरेसं आहे. ‘हे चूक आहे, पण मी सांगू शकत नाही’ असं म्हणालात तर अर्धं सांगून झालं.

बायोडेटा एकतर कोरा, नाहीतर फार बोलका

काही जण ‘संरक्षण सेवेत विविध पदांवर काम’ एवढंच लिहितात. नोकरी देणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. काही जण भाषा, प्रदेश, वर्षं आणि युनिट असं सगळं ओळीने मांडतात. यातला एकेक तपशील निरुपद्रवी असतो, पण चारही एकत्र आले की तुम्ही कुठे, कोणावर नजर ठेवून होतात हे कोणीही जुळवू शकतो. कौशल्य लिहा, ठिकाण नको. ‘अपुऱ्या आणि परस्परविरोधी माहितीवरून ठरलेल्या वेळेत निष्कर्ष काढणे, त्याची खात्री किती हे सांगून वरिष्ठांपुढे मांडणे’, ही ओळ बँकेतल्या जोखीम विभागालाही समजते आणि गुपितही राखते. मसुदा आधी तपासून घ्या.

घरातही तेच मौन, तीच उलटतपासणी

गुप्तवार्तेत प्रत्येक बातमीला दोन शेरे देण्याची पद्धत आहे: स्रोत किती भरवशाचा हे ए ते एफ, आणि बातमी किती खरी वाटते हे एक ते सहा. कामावर ही शिस्त जीव वाचवते. घरात तिने नाती तुटतात. मुलगी उशिरा आली की तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारायचा, उत्तरांतली तफावत टिपायची, मग गप्प बसायचं. आपण हे करतोय हे स्वतःला कळतही नाही. समोरच्याला मात्र पहिल्याच प्रश्नात कळतं.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात काम केलेल्यांनी १९७० च्या दशकापर्यंत तोंड उघडलं नाही. आपली मुलगी युद्धात काय करत होती हे न कळताच कित्येकांचे आईवडील गेले. त्यांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनाही बांधून ठेवलं होतं ते कामाबद्दल. तुम्हाला झोप लागत नाही, एखाद्या सहकाऱ्याची आठवण छळते, निरोपानंतर रिकामं वाटतं, यातलं काहीही गोपनीय नाही. ‘कुठे आणि कोण ते सांगता येणार नाही, पण एक निर्णय मला अजून खातो,’ एवढं जोडीदाराला सांगता येतं. डॉक्टरलाही. उपचाराला गावाचं नाव लागत नाही.

जुन्या स्रोताची विचारपूस करायला जाणं

स्रोत म्हणजे तुम्हाला गुपचूप माहिती पुरवणारा माणूस. ही चूक बहुधा चांगुलपणातून होते. ज्याने तुमच्या शब्दावर जीव धोक्यात घातला, तो कसा आहे हे जाणून घ्यावंसं वाटणारच. पण तुमचा एक फोन, एक फ्रेंड रिक्वेस्ट त्याच्या गळ्याला फास लावू शकते, कारण तुमच्यावर कोणाची नजर आहे हे आता तुम्हाला सांगणारं कोणी नाही. त्यानेच संपर्क साधला तर उत्तर न देता, डीब्रीफिंगच्या वेळी मिळालेल्या नंबरवर त्याच दिवशी कळवा. त्याची काळजी घेणं हे आता तुमच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचं काम आहे.