फाशीच्या फायलीवर पहिल्यांदा काम करताय? आधी हे वाचा

सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली की दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. पुढे त्या माणसाचं काय होतं, हे बार रूममधल्या निम्म्या मंडळींनाही सांगता येत नाही. महाराष्ट्रात फाशीची सोय दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि आमचं नागपूर. 1995 नंतर थेट 2012 मध्ये येरवड्यात कसाबला फाशी झाली, मग 30 जुलै 2015 ला नागपुरात याकूब मेमनला. त्यानंतर राज्यात एकही नाही. शिक्षा मात्र सुनावल्या जातच असतात.

म्हणून तुम्ही या कामात पाऊल टाकलंत की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सीनियर चहा पिता पिता सांगणार, "अगं, एवढं काय टेन्शन घेतेस? होत नाही फाशी. हायकोर्टात जन्मठेप होते." ते अगदीच खोटं बोलत नसतात. खैरलांजीत भंडाऱ्याच्या कोर्टाने 2008 मध्ये सहा जणांना फाशी दिली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. शक्ती मिल प्रकरणातली 2014 ची फाशी 2021 मध्ये मुंबईत जन्मठेप झाली. अशी उदाहरणं ऐकून ऐकून हात सैल पडतात. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा शत्रू सरकारी वकील नाही, हे "होत नाही" आहे. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी खून खटल्यातल्या दोघांची जून 2019 मधली तारीख ठरली होती. वॉरंट निघालं होतं. हायकोर्टाने जुलैमध्ये दयेच्या अर्जांना लागलेल्या विलंबापायी शिक्षा 35 वर्षांवर आणली म्हणून ते वाचले. तारीख ठरलेल्या माणसाला "होत नाही" सांगून बघा.

कायद्याची कलमं तुम्हाला पाठ असतील, त्यामुळे भरभर. नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 258(2) खाली शिक्षेवरची सुनावणी, 393(3) खाली फाशीसाठी खास कारणं, 407 खाली हायकोर्टाकडे कन्फर्मेशन, म्हणजे फाशी कायम करण्याची मंजुरी. आरोपीने अपील केलं नाही तरी कन्फर्मेशन केस जातेच, म्हणून काही जण अपिलाचे 30 दिवस गमावून बसतात. तसं करू नका. 408 खाली हायकोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं, हेही लक्षात असू द्या, कारण तुमचं बरंचसं काम त्याच दारातून आत जाणार आहे. बच्चन सिंग (1980) आणि बरियार (2009) हे फाशीवरचे सुप्रीम कोर्टाचे निकाल पूर्ण वाचा. हेडनोट, म्हणजे निकालावरचा सारांश, तेवढाच वाचून आलेला ज्युनियर दोन मिनिटांत ओळखू येतो.

आता मुख्य खड्डा. यात आमची एक फाइल कित्येक महिने रुतून बसली होती, म्हणून जरा लांबण लावते.

दोषी ठरवल्यावर शिक्षेवरची सुनावणी त्याच दिवशी, फार तर एक-दोन दिवसांनी होते. तेवढ्यात वकील काय सांगणार? वय लहान, घरची गरिबी, म्हातारे आईवडील, पहिलाच गुन्हा. हाच परिच्छेद, हीच क्रमवारी, प्रत्येक निकालपत्रात. कोर्ट तो एका वाक्यात झटकून टाकतं आणि त्यात कोर्टाचा दोष काढता येत नाही, कारण त्यातल्या एकाही शब्दामागे कागद नसतो. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (मे 2022) मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं खालच्या कोर्टातच समोर यायला हवं. त्यामुळे तोंडी वेळ मागू नका. लेखी अर्ज द्या, त्यात हा निकाल टाका. अर्ज फेटाळला तर फेटाळला, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तर येईल. वर गेल्यावर तोच कागद कामाला येतो.

पण वेळ मिळाला तरी कागद कुठून आणायचे? सुरुवात शाळेपासून करा. हॉस्पिटल, तहसील, ग्रामपंचायत हे सगळं नंतर. जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर, आमच्याकडे त्याला दाखल-खारीजही म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला की बरेच जण खूश होऊन परततात. दाखला ही त्यातून काढलेली नक्कल असते. मूळ रजिस्टर उघडून बघा: नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. "वर्तणूक: चांगली. कारण: सतत गैरहजर." या दोन नोंदींच्या मधे एका पोराचं बालपण पडलेलं असतं. तिसरीत शाळा सुटली ते साल बघा, त्या साली घरात काय झालं ते आईला विचारा. बाप वारला, दुष्काळ पडला, ऊसतोडीला गेले, काहीतरी निघतंच. असा धागा जोडला की "घरची गरिबी" या दोन शब्दांना वजन येतं.

याच रजिस्टरातून वयही निघतं. गुन्ह्याच्या दिवशी 18 पूर्ण नसतील तर फाशी देताच येत नाही, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 9 नुसार हा मुद्दा केव्हाही, अगदी सगळं संपल्यावरही काढता येतो. कलम 94 मध्ये शाळेच्या दाखल्याचा मान पहिला, मग ग्रामपंचायत-नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. पुण्यात 1994 साली झालेल्या सात जणांच्या हत्याकांडातला एक कैदी मार्च 2023 मध्ये सुटला, 28 वर्षांहून जास्त काळ आत काढून. गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा होतं हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. कागद होता राजस्थानातल्या शाळेचा, आणि शाळेतलं नाव खटल्यातल्या नावापेक्षा वेगळं होतं.

नाव! खरा खड्डा तोच. घरी बंड्या, शाळेत बंडू, आधारवर बंडूजी, एफआयआरमध्ये पोलिसांनी लिहिलं भलतंच. आडनाव कधी जातीचं, कधी गावाचं. भटक्या समाजात तर दोन भावांची आडनावं वेगळी सापडतात. आमच्या फायलीत आरोपी आणि रजिस्टरातला मुलगा एकच आहे हे दाखवायला सगळा वेळ गेला. वस्तीवरची शाळा पटसंख्येअभावी बंद होऊन दुसऱ्या गावात विलीन झालेली, रजिस्टर तिथल्या कपाटात, कपाटाची चावी बदली झालेल्या मुख्याध्यापकांकडे. शेवटी आईचं नाव आणि धाकट्या बहिणीची नोंद यावरून जुळलं. त्यामुळे एकट्या आरोपीची नोंद कधीच मागू नका, सगळ्या भावंडांच्या नोंदी मागा. थोरल्याचा जन्म आणि धाकट्याचा जन्म यांच्यामध्ये तुमचा माणूस बसला पाहिजे.

आणि 1 जून. महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या पोरांचा वाढदिवस 1 जूनला का येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गुरुजींनी अंदाजाने टाकलेली तारीख असते ती. सरकारी वकिलालाही ते माहीत असतं आणि उलटतपासणीत तो मुख्याध्यापकांना नेमकं तेच विचारतो. तुमच्या हातातली तारीख 1 जून असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, दुसरी नोंद शोधा. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची वही, भावाचा दाखला, काहीही.

घाबरू नका. कागद नव्याण्णव वेळा "नाही" म्हणतो आणि मग कुठल्यातरी शिपायाला आठवतं की जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत आहेत. शिपायांशी, कारकुनांशी नीट बोला. साहेबांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

सीनियर निवडण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो सीनियर कधी फाशी यार्डात, म्हणजे तुरुंगात फाशीच्या कैद्यांना ठेवतात त्या भागात, गेलेलाच नाही, त्याच्याकडे हे काम शिकू नका. ड्राफ्टिंग शिका, कोर्टात कधी गप्प बसायचं ते शिका, पण हे नाही. दिल्लीच्या विधी विद्यापीठात सुरू झालेल्या प्रोजेक्ट 39ए या गटाने या कामाला शिस्त लावली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रयास प्रकल्पाची माणसं तुरुंगात वर्षानुवर्षं काम करताहेत. समाजकार्य शिकलेली व्यक्ती सोबत न्या. आपण वकील मंडळी दहा मिनिटांत "मग काय झालं?" विचारतो आणि माणूस मिटतो.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. हल्ली काही उत्साही ज्युनियर फक्त पार्श्वभूमीच्या मागे लागतात, पुराव्याची फाइल उघडतही नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सहाही जणांची फाशी कायम केली होती, त्यातल्या तिघांची तर हायकोर्टाने कमी केलेली शिक्षा वाढवून. 2019 मध्ये त्याच कोर्टाने पुनर्विचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी 5 लाख द्यायला लावले. भटक्या जमातीतली माणसं होती ती. ओळख परेड, जबाबातल्या तारखा, मुद्देमालाची सीलं आधी, आयुष्याची गोष्ट नंतर.

मुलाखतीला जाताना सनद, वकीलपत्र आणि अधीक्षकांच्या नावाचा अर्ज. पहिल्या भेटीत गुन्ह्याबद्दल विचारू नका. जेवण, झोप, घरून कोण येतं, एवढंच. तो फाशी यार्डात असला तरी सगळे न्यायालयीन मार्ग आणि दयेचा अर्जही संपेपर्यंत त्याला एकांतवासात ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या सुनील बत्रा (1978) निकालापासून ठरलेलं आहे. तसं दिसलं तर लेखी तक्रार.

बाहेर आई भेटते. "पोराले वाचवान न जी, मॅडम?" असं विचारते. "होईल सगळं ठीक" म्हणू नका, आणि "होत नाही फाशी" तर मुळीच नाही. पुढची तारीख सांगा, कुठला कागद हवा ते सांगा. तिला काम द्या. मी पाहिलंय, हाताला काम लागलं की ती माणसं जरा उभी राहतात. कोर्टाच्या व्हरांड्यात मयताची आईसुद्धा भेटेल. तिच्याशी काय बोलावं हे मला आजही कोणी शिकवलेलं नाही. मान खाली घालून बाजूला होते.

गावातला बार ठराव करतो, आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. असे ठराव बेकायदेशीर आहेत, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगितलंय. तरी घरमालक खोली सोडायला सांगतो, मित्र चहाला बोलवत नाहीत. पैसा तर नाहीच. विधी सेवा प्राधिकरणाच्या मानधनावर घर चालत नाही, सोबत मोटार अपघात नाहीतर चेकच्या केसेस ठेवा. त्यात कमीपणा नाही.

सुप्रीम कोर्टानंतर दयेचा अर्ज. नव्या संहितेच्या कलम 472 ने मुदती घातल्यात: अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत अर्ज, राज्यपालांनी फेटाळला तर त्यानंतर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे. जुन्या पद्धतीत वर्षं जायची. कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टाने रद्द केली ती सरकारने अर्ज रखडवल्यामुळेच. त्या विलंबावर आता डोळे लावून बसू नका. पण तारखांचा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा: अर्ज तुरुंगातून कधी निघाला, गृह विभागात कधी पोचला, कोणत्या टेबलावर किती दिवस पडला. आवक-जावक क्रमांकासह. साध्या वहीत चालेल. माझी लाल पुठ्ठ्याची आहे, कारण निळ्या वह्या ऑफिसात कोणीही उचलून नेतं.