अर्धी गिरकी आणि चिडीचूप

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन भांडुपला आलो आणि रविवारी दुपारभर बसून कॉम्प्युटर जोडला. बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली, पुढे चिडीचूप. आई म्हणाली, "तयारच घ्यायचा होतास ना!"

पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. सगळ्या वायरी सोडवून, प्लग काढून, २४ पिनच्या कनेक्टरमधली १६ नंबरची, म्हणजे 'चालू हो' सांगणारी पिन शेजारच्या ग्राउंडला पेपरक्लिपने जोडली, मगच स्विच चालू केला. पंखा फिरला. (यातून तो सुरू होतो एवढंच कळतं, लोड पेलेल का ते नाही.) प्रोसेसरची ८ पिनची वायर नीट होती. रॅम काढून घातली, फरक शून्य.

शेवटी वैतागून मदरबोर्ड उपसला आणि त्याच्याच खोक्यावर ठेवला. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, बस्स. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि गाडी चालू! म्हणजे घोळ कॅबिनेटमध्ये. टॉर्च मारला, तर लहान मायक्रो एटीएक्स बोर्डासाठीचा एक पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारा खुंटा) आधीच लावलेला. माझा बोर्ड मोठा, पूर्ण एटीएक्स, तिथे त्याला भोकच नाही. स्टँडऑफ थेट मागच्या सोल्डरिंगला टेकत होता. शॉर्ट!

पक्कडीने तो काढला, बोर्ड पुन्हा बसवला. पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच. पोटात गोळा. मग आठवलं, डीडीआर५ रॅमला पहिल्या वेळी ट्रेनिंगसाठी, म्हणजे बोर्डाशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं लागू शकतात. हात न लावता चहा टाकला. कप खाली ठेवतोय तोच बायॉस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन, दिसला.