पॉडकास्टच्या धुनीसाठी परवानगी घेताना

तीस सेकंदांपर्यंतचे गाणे बिनधास्त वापरता येते, हा समज चुकीचा आहे. कायद्यात अशी सरसकट सूट नाही. सोलापुरी चादरींवरील माझ्या हौशी पॉडकास्टसाठी मी शेजारच्या सनईवादकांकडून त्यांनी स्वतः बांधलेली २० सेकंदांची धून मोबाइलवर (पंखा बंद करून) ध्वनिमुद्रित केली आणि साध्या कागदावर त्यांची सहीनिशी परवानगी घेतली. त्यात वापराचा हेतू व मानधन यांबरोबरच मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहावेत, कारण कॉपीराइट कायदा १९५७ नुसार मुदत लिहिली नसल्यास ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसल्यास परवानगी भारतापुरतीच धरली जाते. पॉडकास्ट तर दुबईतला सोलापूरकरही ऐकतो. वादकांनी चित्रपटगीत वाजवले, तर मात्र केवळ त्यांची सही पुरत नाही. मूळ चालीच्या हक्कधारकाचीही परवानगी लागते.